आरव्हीतलं धुणं: अमेरिकेत पहिल्यांदाच आरव्ही घेऊन निघणाऱ्यांसाठी

आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडास-बाथरूमची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायचं ठरलं की घरात आठवडाभर याद्या चालतात. कुकर कुठला न्यायचा, पोळ्या करून न्यायच्या की तिथेच लाटायच्या, भारतातून आलेल्या आईबाबांना गाडीची पायरी चढता येईल का. धुण्याचा विषय कोणाच्याच यादीत नसतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिखलाचे मोजे, चौघांचे ओले टॉवेल आणि शेकोटीच्या धुराचा वास मारणारी जॅकेटं असा ढीग पलंगावर येऊन बसतो. पंचवीस-तीस फुटांच्या त्या घरात ढिगाला दुसरी जागाच नसते. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पश्चिमेकडची राष्ट्रीय उद्यानं आरव्हीतून पाहतो आणि धुण्याचं खातं माझ्याकडे असतं. नव्याने निघणाऱ्यांनी हे आधी वाचलं तर सहलीतले दोन दिवस तरी वाचतील.

आपल्याला सवय अशी, की पाणी आलं म्हणजे धुण्याचा प्रश्न मिटला. आरव्हीत नेमकं उलटं आहे. पाणी आत घेणं सोपं, कॅम्पग्राउंडच्या नळाला पाइप लावला की झालं. वापरलेलं पाणी साठवायचं कुठे आणि धुतलेलं वाळत घालायचं कुठे, हे दोन प्रश्न अवघड. म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे: रोजचं बारीकसारीक धुणं गाडीत, आणि आठवड्यातून एकदा सगळं मोठं धुणं लाँड्रोमॅटमध्ये, म्हणजे पैसे टाकून मशीनवर कपडे धुवायच्या दुकानात. जीन्स, चादरी, टॉवेल गाडीत धुवायच्या भानगडीत पडू नका.

आधी टाक्या समजून घ्या

गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक संडासाची, तिला ब्लॅक टँक म्हणतात, आणि एक सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची, तिला ग्रे टँक म्हणतात. भाड्याने मिळणाऱ्या मध्यम गाडीत ग्रे टँक साधारण ३० ते ४० गॅलनची असते. एक गॅलन म्हणजे ३.८ लिटर, म्हणजे जेमतेम ११५ ते १५० लिटर. आपल्या हिशेबात सात-आठ बादल्या. त्यात चौघांच्या अंघोळी आणि दोन वेळची भांडी, म्हणजे दीड-दोन दिवसांत टाकी भरली.

पहिल्याच सहलीत दुसऱ्या रात्री मी सिंकमध्ये मुलांचे टी-शर्ट खळबळत होतो. पाणी नेहमीसारखं खाली जात होतं. तेवढ्यात बाथरूममधून धाकटीची हाक आली, "बाबा, इथे खालून पाणी येतंय!" जाऊन पाहतो तर शॉवरच्या तळाशी राखाडी, फेसाळ पाणी चढत होतं आणि त्यावर भाताची शितं तरंगत होती. टाकी काठोकाठ भरली होती. शॉवरचं भोक गाडीतल्या सगळ्या निचऱ्यांमध्ये खाली असतं, म्हणून भरलेल्या टाकीतलं पाणी पहिलं तिथून वर येतं. त्या रात्री पुढे कोणी हातसुद्धा धुतले नाहीत. सकाळी उठल्याउठल्या डम्प स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, गाठलं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. दाराजवळच्या पॅनेलवर ग्रे टँक दोन-तृतीयांश दिसली, की गाडीतलं धुणं बंद. ते सेन्सर फारसे भरवशाचे नसतात, त्यामुळे एक-तृतीयांशाची जागा हाताशी राहू द्यावी.

हे पाणी बाहेर जमिनीवर सोडून द्यायचा मोह होतो, "साबणाचंच तर आहे" असं वाटतं. सोडू नका. राष्ट्रीय उद्यानांत गाडीचं सांडपाणी नेमून दिलेल्या जागेखेरीज कुठेही सोडायला मनाई आहे, आणि कॅम्पग्राउंडच्या सार्वजनिक नळावर कपडे किंवा भांडी धुवायलाही मनाई आहे. ओढ्यात, तळ्यात तर साबण जाताच कामा नये. मात्र धुण्याच्या पाण्याचा एक चांगला उपयोग होतो. डम्प स्टेशनवर आधी ब्लॅक टँक रिकामी करायची आणि मग ग्रे. त्यामुळे साबणाचं पाणी शेवटी त्याच पाइपातून जातं आणि पाइप धुऊन निघतो. याच कारणाने मोठ्या डम्पच्या आदल्या दिवशी मी दोन बादल्यांचं धुणं मुद्दाम काढतो.

पाणी, वीज आणि सांडपाण्याची नळी अशी तिन्ही जोडणी असलेल्या जागेला फुल हुकअप म्हणतात. तिथे गाडीत जास्त धुता येतं, कारण ग्रे टँकचा खटका उघडा ठेवता येतो. ब्लॅकचा खटका मात्र टाकी भरत येईपर्यंत बंदच ठेवायचा.

निघण्यापूर्वी बॅगेत काय

आतले कपडे आणि मोजे माणशी आठ दिवसांचे घ्या. बाकी कपडे निम्मे घ्या. दोन आठवडे जायचं म्हणून चौदा टी-शर्ट भरू नका, मळलेले चौदा टी-शर्ट ठेवायला जागा नसते. गडद रंगाचे, पातळ, लवकर वाळणारे कपडे निवडा. खेळाचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट रात्रीत वाळतात. जीन्स एकच, तीही प्रवासात अंगावर.

टॉवेलच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. जाडजूड टर्किश टॉवेल गाडीत दोन दिवस ओला राहतो आणि कुबट वास धरतो. आपला सुती पंचा तासा-दोन तासांत वाळतो, मूठभर जागेत मावतो आणि धुवायला थोडंसं पाणी पुरतं. माणशी दोन पंचे न्या, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. भारतातून येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

याशिवाय घट्ट झाकणाची पाच गॅलनची प्लास्टिकची बादली (हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते), पंधरा-वीस फूट नायलॉनची दोरी, डझनभर चिमटे, कपड्याच्या साबणाची एक वडी, छोटा ब्रश आणि मळके कपडे ठेवायला जाळीच्या दोन पिशव्या. मळके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडले, की दुसऱ्या दिवशी गाडीभर वास. साबण पावडरचा किंवा कागदासारख्या पट्ट्यांचा न्या. द्रव साबणाची बाटली आठ हजार फुटांवर चढताना फुगते आणि झाकणातून पाझरते. गोळीसारखे पॉड लाँड्रोमॅटला सोयीचे असतात, पण ते मिठाईसारखे दिसतात आणि पोटात गेले तर घातक असतात. गाडीत लहान मूल असेल तर नेऊच नका.

रोजचं धुणं

बादलीत तिसरा हिस्सा पाणी, म्हणजे सहा-सात लिटर. त्यात चहाच्या चमच्याने एक चमचा साबणाची पावडर. आतले कपडे, मोजे, एखाद-दुसरा टी-शर्ट, बस. झाकण घट्ट लावून बादली शॉवरच्या आत ठेवायची आणि रबरी पट्ट्याने पक्की बांधायची. मग गाडी चालवायची. घाटाच्या रस्त्याने तास-दीड तास गेलं, की कपडे आपोआप घुसळून निघतात. इथले जुने आरव्हीवाले वर्षानुवर्षं असंच करतात. बांधल्याशिवाय मात्र नाही. आठ किलोची बादली जोरात ब्रेक लागल्यावर कुठे जाईल, याचा नेम नाही.

मुक्कामाला पोचलं की साबणाचं पाणी शॉवरमध्ये ओतायचं, कपडे पिळायचे आणि दोनदा आघळायचे. भोकावर जाळी किंवा जुना मोजा ठेवा, धागे आणि केस टाकीत जायला नकोत. साबण जास्त झाला तर फेस जाता जात नाही आणि आघळण्यातच तीन बादल्या पाणी जातं. घरच्या सवयीने हात सैल सुटतो तो इथे आवरायचा.

पिळणं ही खरी कला आहे. हाताने पिळून झालं, की कपडा कोरड्या पंचावर पसरा, दोन्हींची वळकटी करा आणि वळकटीच पिळा. उरलेलं पाणी पंचा ओढून घेतो. एवढं एक केलं तर वाळायला निम्मा वेळ लागतो.

वाळत घालणं

ॲरिझोना, युटा, नेवाडा या कोरड्या भागात दुपारी टी-शर्ट तासाभरात कडक वाळतो. उत्तरेला, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक उद्यानाकडे गेलात तर गोष्ट वेगळी. तिथल्या होह रेनफॉरेस्टमध्ये वर्षाला १२ ते १४ फूट पाऊस पडतो. त्यातला बराचसा हिवाळ्यात पडत असला, तरी उन्हाळ्यातही सकाळी दोरीवरचा मोजा रात्री होता तसाच ओला असतो. आषाढातलं कोकण आठवावं.

बाहेर दोरी बांधण्याआधी कॅम्पग्राउंडचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी झाडाला काहीही बांधायला बंदी असते, आणि खाजगी आरव्ही पार्कमध्ये बाहेर कपडे दिसलेले चालत नाहीत. जिथे एल्क नावाची मोठी हरणं फिरतात तिथे तर दोरी शिंगांत अडकते. गाडीच्या मागे शिडी असेल तर तीच उत्तम दांडी. ऑनिंगच्या, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराच्या, दांड्यांना वजन टांगू नका, वारा आला तर ऑनिंग मोडते आणि भरपाई आपल्याला द्यावी लागते. संध्याकाळी सगळं आत घ्या. यलोस्टोन उद्यानात जुलैतही पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो, आणि दवाने वाळलेले कपडे पुन्हा ओले होतात.

आतमध्ये सर्वांत चांगली जागा शॉवरची. दोन भिंतींमध्ये अडकणारा पडद्याचा रॉड तिथे लावा, गळणारं पाणी खालीच जातं. छतावरचा पंखा हवा बाहेर फेकणाऱ्या दिशेने चालू करा आणि लांबच्या टोकाची एक खिडकी बोटभर उघडा. हवा आरपार गेली नाही तर काचांवर पाणी धरतं आणि गाद्यासुद्धा दमट लागतात. शेगडीवर आणि जमिनीतल्या हीटरच्या झरोक्यावर कपडे कधीही घालू नका, तिथे आग लागू शकते. आईची साडेपाच मीटरची सुती साडी आम्ही चार पदरी करून याच रॉडवर घालतो आणि दर दोन तासांनी आतली घडी बाहेर फिरवतो. रात्रीत वाळते.

लाँड्रोमॅट

आता मोठं धुणं. अमेरिकेत गावोगावी नाणी टाकून चालणाऱ्या मशीनची दुकानं असतात. नव्या माणसाला आत शिरल्यावर बुजल्यासारखं होतं, पण क्रम कळला की दीड तासात आठवड्याचं काम उरकतं.

पहिली तयारी नाण्यांची. बहुतेक ठिकाणी क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं लागतं. आता काही ठिकाणी कार्ड किंवा ॲप चालतं, पण उद्यानांच्या आसपास नेटवर्कचा भरवसा नसतो. घरून निघताना बँकेतून क्वार्टरच्या दोन-तीन सुरळ्या घ्या. एका सुरळीत ४० नाणी, १० डॉलर. दुकानात सुट्टे देणारं यंत्र असतं, पण त्याला मोठी नोट चालत नाही आणि कधीकधी ते बंदच असतं. आमच्याकडे या नाण्यांना हळदी-कुंकवातला एक जुना स्टीलचा डबा आहे. त्यातलं नाणं दुसऱ्या कशालाही काढायचं नाही.

दुसरं, वेळ. शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारची सकाळ सर्वांत निवांत. दारावर "लास्ट वॉश"ची वेळ लिहिलेली असते. ती दुकान बंद होण्याच्या तास-दीड तास आधीची असते आणि त्यानंतर मशीन लावू देत नाहीत.

तिसरं, गाडी लावायची जागा. तीस फुटी गाडी प्रत्येक आवारात मावत नाही. आदल्या रात्री नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडून आवार पाहून घ्या. मोठ्या किराणा दुकानाला लागून असलेलं लाँड्रोमॅट मिळालं तर सोनंच: गाडी एकदाच लावायची, एकाने धुणं पाहायचं, दुसऱ्याने दूध-भाजी आणायची.

आत गेल्यावर आधी मशीनचं पोट तपासा. हात फिरवा, वास घ्या. आधीच्या कोणी ब्लीच वापरलं असेल तर वास येतो, आणि त्यात आपला गडद कुर्ता टाकला तर डाग पडलाच म्हणून समजा. दाराच्या रबरात च्युइंगगम किंवा मुलांचा मेणाचा खडू अडकलेला असतो. मग आपले खिसे पाहा. टिश्यू पेपर, ओठांना लावायची मेणाची कांडी आणि आईच्या गाऊनला चिकटलेली टिकली, तिन्ही काढा. ती कांडी ड्रायरमध्ये वितळली, तर सगळ्या कपड्यांवर तेलकट डाग उठतात.

मशीनवर २०, ४०, ६० असे पौंडाचे आकडे असतात. २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलो. चौघांच्या आठवड्याच्या कपड्यांना एक ४० पौंडी पुरतं. फक्त रंग जाणारे नवे कपडे वेगळ्या छोट्या मशीनला लावा. पोट तीन-चतुर्थांशच भरा. थंड पाणी निवडा. साबण थोडा घाला, ही मशीनं कमी पाण्यावर चालतात आणि जास्त साबण कपड्यातच राहतो.

धुवायला अर्धा तास लागतो. हा वेळ मी घरी फोन करायला ठेवतो. उन्हाळ्यात यलोस्टोनच्या वेळेने सकाळचे १० म्हणजे भारतात रात्रीचे साडेनऊ, जेवणं आटोपून सगळे निवांत बसलेले असतात. पण फोनवर असलात तरी दुकानातच थांबा. मशीन थांबल्यावर कपडे पडून राहिले, तर पुढचा माणूस ते काढून टेबलावर ठेवतो, आणि इथे ते रीतीला धरूनच आहे.

ड्रायरमध्ये एका क्वार्टरला काही मिनिटं मिळतात. आधी धाग्यांची जाळी साफ करा. ती भरलेली असेल तर नाणी जातात आणि कपडे ओलेच राहतात. दोन मशीनचे कपडे एका मोठ्या ड्रायरमध्ये चालतात. एक कोरडा टॉवेल सोबत टाकला तर लवकर वाळतात. सुती कुर्ते, इलॅस्टिकचे कपडे, साड्या आणि लोकरीचं काहीही ड्रायरमध्ये घालू नका, आटतात. ते पिळून झालेल्या अवस्थेतच गाडीत आणून रॉडवर टाका. टॉवेलांबरोबर सुगंधी ड्रायर शीट घातली तर टॉवेल पाणी टिपेनासे होतात, तेव्हा तीही नको. कपडे गरम असतानाच तिथल्या टेबलावर घड्या घाला. गाडीत इस्त्री नसते आणि गरम घडीची सुरकुती बसत नाही.

रस्त्यात कुठे धुवायचं

बेत आखताना लाँड्रीची ठिकाणंही नकाशावर मांडा. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला मेदर कॅम्पग्राउंडजवळ कॅम्पर सर्व्हिसेस आहे, तिथे शॉवर आणि लाँड्री दोन्ही आहेत. ग्रँड टीटनमध्ये कोल्टर बे व्हिलेजला आहे. यलोस्टोनमध्ये कॅन्यन व्हिलेज आणि फिशिंग ब्रिजला आहे. फिशिंग ब्रिज हे त्या उद्यानातलं एकमेव फुल हुकअपचं कॅम्पग्राउंड, म्हणून मी आठवड्याच्या मधला मुक्काम तिथेच धरतो. टीटन आणि यलोस्टोनमधल्या या सोयी उन्हाळ्यापुरत्याच असतात. युटातल्या झायन उद्यानाच्या आत लाँड्री नाही, त्यासाठी दाराशीच असलेल्या स्प्रिंगडेल गावात यावं लागतं. केओएसारख्या खाजगी कॅम्पग्राउंडच्या साखळ्यांमध्ये बहुधा लाँड्रीची खोली असते. आणि अगदीच अडलं, तर हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर ट्रकवाल्यांसाठी मशीन असतात, तिथे आपणही धुऊ शकतो. तिथे गाडी लावायला जागाही भरपूर.

अस्वलांच्या प्रदेशात एक गोष्ट विसरू नका. साबण, पावडर, ड्रायर शीट हे सगळं वासाचं सामान आहे. अस्वलाला ते खाण्यासारखंच वाटतं. रात्री काहीही बाहेरच्या टेबलावर राहू देऊ नका, गाडीत घेऊन दार-खिडक्या लावा.

लाल माती आणि हळद

युटा-ॲरिझोनाच्या लाल मातीने मोजे आणि पायजम्याच्या कडा रंगतात. झायनहून आल्यावर मी मुलाचे मोजे सरळ सिंकखाली धरले, तेव्हा आईने हात धरला. "थांब रे, वाळू दे आधी माती. आपल्या जांभ्याच्या मातीसारखीच आहे ही. ओली घासलीस की आत बसते." तिचं बालपण राजापुराकडे गेलेलं. तिने मोजे गाडीच्या पायरीवर दोन तास उन्हात ठेवले, मग एकमेकांवर आपटून झटकले. लाल धूळ अक्षरशः धुरासारखी उडाली. नंतर नुसत्या थंड पाण्यात दोनदा काढले आणि शेवटी साबणाची वडी लावली. मोजे पांढरे झाले नाहीत, पण घालण्यासारखे झाले. दोन्हीकडच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणून उपायही तोच. अशा डागावर ब्लीच घालू नका, लोहाचा डाग त्याने पक्का होतो.

हळदीचा डाग साबणाने धुतला की आधी लाल होतो. घाबरू नका. साबण काढून टाका आणि कपडा ओलाच कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हात विटतो. वाळवंटातल्या एका दुपारीत वरणाचा डाग जवळजवळ दिसेनासा होतो.

गाडी परत करण्याआधी

शेवटचं मोठं धुणं गाडी देण्याच्या आदल्या दिवशी, विमानतळाच्या गावाजवळच्या कॅम्पग्राउंडवर उरका. भाड्याने चादरी-टॉवेल घेतले असतील तर त्या कंपनीला धुऊन हव्यात की नाही, हे आधीच विचारून ठेवा. उगीच दोन मशीनचे पैसे जातात. बॅगा बंद करण्याआधी जीन्सची कंबर, खिशांचे आतले कोपरे आणि जॅकेटची टोपी बोटांनी दाबून पाहा. बाकी कपडा कोरडा लागला तरी तिथे ओल राहते, आणि भारतात जाणारी बॅग उघडायला दीड-दोन दिवस लागतात. तिथे जरा जरी गार लागलं, तर आणखी दोन क्वार्टर टाका.